पत्ता

खोली घेतली तेव्हा मालक म्हणाले,
लिहा, घर नंबर एकशे बारा, साखर पेठ.
गॅसवाला दोनदा परत गेला.
तिसऱ्यांदा फोनवर ओरडला, "कुठं राहता बे नेमकं?"
एकशे बारा तीन आहेत इथं,
त्यातला एक तर नुसता ओटा.

त्या ओट्यावर राजव्वा येमूल विड्या वळतात.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, कात्री.
बोटं थांबत नाहीत, मान तेवढी वर:
"वार्पिंगवाल्या गाजूलच्या मागं, असं सांगायचं रे."
आणि अर्धवट राहिलेला आकडा
पुन्हा तेलुगूत पुढं.
गाजूल भिवंडीला जाऊन बारा वर्षं झाली.
तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

खाजाभाई नदाफ गादीत कापूस कोंबत होते,
भुवयासुद्धा पांढऱ्या.
"गाजूल-बिजूल नक्को. नीम के सामने बोलो,
सब आते."
लिंब तोडलाय.
बुंध्याला त्यांचीच सायकल टेकलेली असते.

महानंदाक्का हिरेमठ
कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधता बांधता म्हणाल्या,
"बावी हत्तिर अन्री."
आडाजवळ म्हणा.
आड त्यांच्या लग्नाआधीच बुजवला,
सासूनं फरशी दाखवली होती म्हणे,
"इथं होता."

नळ चौथ्या दिवशी, रात्री अडीचला.
घागरी, ड्रम, चार घरांत एक मोटर
आणि भांडण.
भाषा ज्याची त्याची,
शिव्या मात्र सगळ्यांना सगळ्यांच्या येतात.
पहिल्या भांडणात मी गप्प उभा होतो.
राजव्वा म्हणाल्या, "हा कोण नवा? बादली धर की!"

माझ्या खोलीखाली आठ माग.
पहिला आठवडा डोळ्याला डोळा नाही.
आता मध्यरात्री लाईट जाते,
खटखट थांबते,
आणि मी दचकून उठतो,
खालीही कुणीतरी उठलेलं असतं, खोकतं.

काल चौकात एकानं अडवलं.
हातात लग्नपत्रिकांची पिशवी, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.
"येमूल कुठं राहतात?"
मी शेंगाचटणीची पुडी या हातातून त्या हातात घेतली,
म्हणालो,
"गाजूलच्या मागं. लिंबासमोर.
आडाच्या जरा अलीकडं."

त्यानं पुढं काही विचारलं नाही.
गेला, आणि बरोबर वळला.

मीही वळलो त्याच्या मागून.
दुपारचे दोन, ऊन त्रेचाळीस.
लिंब असता
तर बरं झालं असतं.