ओघळ

स्कुल्लेरुडला जंगल संपतं
आणि लगेच फलाट लागतो, मध्ये कुंपणसुद्धा नाही.
मार्चमधला रविवार. खाली सगळी खडी आणि चिखल,
बर्फ उरलाय तो वर, झाडांत.
गुडवाइगबाई तिथूनच येतात,
वय एक्याऐंशी, गाल थंडीने तांबडे,
स्की हातात उभ्या धरलेल्या, भालदारासारख्या.

"ट्राम वेळेवर आली," म्हणतात.
ट्रामची मेट्रो होऊन पन्नासच्या वर वर्षं झाली,
पण त्यांना दुरुस्त करायला कुणी जात नाही.

स्कींचा बर्फ वितळतो.
टपटप. मग एक बारीक ओघळ
डब्याच्या रबरी जमिनीवर वाट शोधत निघतो.
बोगेरुडला ब्रेक लागतो, तो पुढे धावतो.
गाडी सुटते, तो मागे येतो,
जरासा थबकतो.
ब्योलरला आमच्या इमारतीतला लिबान चढतो,
कोरा पांढरा बूट मुद्दाम ओघळात ठेवतो
आणि बघत बसतो.

उल्सरुड. बाल्कन्यांतून टांगलेल्या सायकली.
ओप्सालला बाई उतरतात.
खाली कुठेतरी तळं आहे, अर्धं अजून गोठलेलं,
काठच्या काळ्या पाण्यात बदकं दाटीवाटीने.
स्की गेल्या, ओघळ राहिला.

हेल्लेरुडला दुसरे रूळ येऊन मिळतात,
डबा कलतो,
आणि तो सरळ माझ्या सीटखाली.
सोळा हिवाळे काढले इथे. कामावरून घर, घरून काम.
त्या झाडांत एकदाही गेलो नाही.

मी पाय उचलला नाही.
मोजा भिजला. भिजू दे.