रुपये शून्य

महिन्यातून दोनदा पंचफुलाबाई नेवारे
माझ्या गाडीत चढतात.
एक तारखेला नागपूरकडे, सोळाला परत,
आणि नातीचे पेपर आले की एखादा जास्तीचा फेरा.
पंच्याहत्तरी ओलांडली, भाडं नाही.
मी ओळखतो, तरी दर वेळी
आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून काढतात,
पदरानं पुसतात, पुढे करतात.
मी बटण दाबतो. चिठ्ठी निघते:
प्रवासी एक. रुपये शून्य.

तीन नंबरची खिडकी.
वर 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' होतं,
'ज्येष्ठ' कुणीतरी नाण्यानं खरवडून काढलंय.

सोबत लाखोळीच्या डाळीची थैली, जवसाची चटणी,
आणि एक उशी.
"पोराच्या घरी उशी नाही का हो?"
"हाये ना. पर ते सोफ्याची हाये.
टीव्ही बंद झाल्यावरच माही होते."

पोरं वाईट नाहीत, हे त्या स्वतःहून सांगतात.
धाकटा वाडीला, दोन खोल्या, हप्ता अठरा हजार.
मोठा मानेवाड्याला, चौथ्या मजल्यावर,
तिथल्या लिफ्टमध्ये अंग वर जाते
अन् पोट खालीच राहते.
गावात पाच खोल्या. चारांना कुलूप.
पाचवीच्या मागं न्हाणी,
जिथे मागच्या पोळ्याला पाय घसरला
आणि दूधवाला येईपर्यंत
त्या भिंतीवरच्या पालीशी बोलत राहिल्या.

उमरेड मागे पडलं की लेआउट सुरू होतात.
परवापर्यंत तूर होती तिथे चुन्याच्या रेघा, लाल झेंड्या.
पाटी: इंग्रजी शाळा.
पाटी: लॉन, दोन हजार पाहुण्यांची सोय, खोल्या एसी.
पाटी: कुत्र्यांचं हॉस्टेल, गावाला जा, निर्धास्त राहा.
पंचफुलाबाई प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचतात.
चौथी शिकल्या आहेत, वाया जाऊ देत नाहीत.
बावीस वर्षं मी याच रस्त्यावर.
शहर दर साली थोडं थोडं
माझ्या गाडीकडे चालत आलं,
भाड्याचे टप्पे मात्र तेच.

परवा, सोळा तारीख नसताना,
त्यांनी पाचगावच्या पुढे हात केला.
तिथे म्हणे म्हाताऱ्यांसाठी इमारत झालीये.
चौदा खोल्या, पायरी नाही,
न्हाणीत धरायला दांडा, मंगळवारी डॉक्टर.
"दांडा धरून पाह्यला मी. घट्ट हाये."
असं म्हणून तळहात उघडून दाखवला,
जणू स्टीलचा गारवा अजून तिथे होता.
"पैशाचं पाहून घेऊ म्हणतेत पोरं. दोघंबी.
पर खोलीच खाली नाही."
तिथल्या बाईनं रजिस्टरात नाव घेतलं.
नंबर त्र्याऐंशी.

मग कार्ड काढता काढता थांबल्या.
"भाऊ, तुमच्या मशीनीत पाहून सांगा ना,
त्र्याऐंशी मंजे किती टप्पे?"

मशीनमध्ये भिवापूर आहे, नागभीड आहे,
बंद पडलेले दोन थांबेसुद्धा आहेत.
मी उगाच बटणं दाबत राहिलो.
चौदा खोल्यांतली एखादी खाली कशी होते
हे त्यांनाही ठाऊक, मलाही.
ड्रायव्हरनं गिअर बदलला.

माझे अकरा महिने उरलेत.
त्यानंतर डेपोमागचं क्वार्टर सोडायचं.
मुलगी बंगळुरूला, तिच्याकडे एक खोली जास्तीची आहे,
तीत तिचं ऑफिस.

"फॉर्म कितीले भेटते तिथं?"
मी विचारलं, चिल्लर मोजत, सहज.

त्यांनी वर पाहिलं.
बाजूच्या सीटवरची उशी उचलून
मांडीवर घेतली.
"बसा," म्हणाल्या.