पान अठरा, एकोणीस

गोष्ट जुनी. आईच्याही आधीची.
घरातली चूल विझते, आणि घारू नावाची पोर
खापरीत विस्तव आणायला
खाडीपलीकडच्या आत्याकडे जाते.
परतताना वाघ.
एवढंच.
इतक्या वर्षांत त्यातला शब्द कुणी हलवलेला नाही,
चित्रं मात्र आता मी काढायची आहेत,
ऐरोलीत, सातव्या मजल्यावर,
ओट्याला चिकटलेल्या टेबलावर.

जुनी प्रत ठाण्याच्या एका वाचनालयात मिळाली,
शिवण उसवलेली, पाठीला डिंकाची पट्टी.
त्यातला वाघ अख्ख्या पानाचा,
घारू कोपऱ्यात, अंगठ्याएवढी.
आणि वाघाला डोळे नाहीत.
कुणीतरी ते नखाने खरवडलेत,
इतके, की भोकांतून पुढच्या पानावरचे शब्द दिसतात:
एका डोळ्यातून ‘मग’,
दुसऱ्यातून ‘घरी’.

मी शिकले ते असं:
नजर आधी ठळकाकडे जाते, मग तांबड्याकडे,
मग चेहऱ्याकडे, चेहऱ्यातही डोळ्यांकडे.
आडवी रेघ झोपते, तिरकी पळते.
लहान वस्तूभोवती जागा सोडली
की ती एकटी पडते.
सगळं खरं आहे. परीक्षेला आलं होतं.

पहिल्या खर्ड्यात काळी शाई,
खापरीत एक लाल ठिपका, वाघाला दोन.
नजर तिघांत फिरत राहिली
पत्ता चुकलेल्या कुरिअरवाल्यासारखी.
दुसऱ्यात डोळे पिवळे केले. चौकातला सिग्नल दिसायला लागला.
तिसऱ्यात घारू मोठी केली, तर वाघच घाबरला.
चौथ्यात मात्र जमलं होतं:
जाताना ती डावीकडून उजवीकडे गेली,
म्हणून परतताना उलटी,
वाचणाऱ्याच्या नजरेला छातीवर घेत,
पाऊल जड.
खालच्या मजल्यावरचा सुमेध, वय साडेसहा,
कागद दुमडून बघत म्हणाला,
“ही शिवणीत पडणार.”
पडलीच असती. घडीत
विस्तवाचा हात गेला असता.
घराच्या बाजूला दोन बोटं सरकवली तिला.

दुपारी ओहोटी.
खिडकीतून चिखल, चिखल, नुसता चिखल,
विजेचे मनोरे ठाण्याकडे लहान लहान होत गेलेले,
आणि मधोमध एक माणूस
वाकून चिंबोऱ्या शोधणारा.
एवढ्या मोठ्या खाडीत मला तो एकटाच दिसत होता.
मग एका जागची तिवरं हलली.
वारा नव्हता.
तो सरळ झाला, तिकडे बघत उभा राहिला.
कुत्रं असेल. रानडुक्कर असेल.
बाहेर काहीच आलं नाही,
आणि माझा चहा निवला.

संध्याकाळी मी वाघ खोडला.
शेपटीसकट.
पान एकोणीसवर गवत ठेवलं फक्त,
सगळं एका बाजूला झुकलेलं,
एके ठिकाणी दुसऱ्या.

देवस्थळेबाई फोनवर म्हणाल्या,
“वाघ कुठाय? लोक वाघासाठी घेतात हे पुस्तक.”
आहे, म्हटलं.
“दिसायला हवा.”
दिसतो, म्हटलं, जरा बघा.
त्या बराच वेळ गप्प होत्या. बिल वाढत होतं त्यांचं.
मग, “लाल एकच ठेवलाय?”
एकच.

सुमेधने पान पाहिलं आणि काही विचारलं नाही.
गवताच्या त्या एका जागेवर
तळहात पालथा घातला, झाकण ठेवावं तसा,
आणि दुसऱ्या हाताचं बोट
घारूच्या मागून हळूहळू
घराकडे नेलं.

तेव्हा मला ते खरवडणारं पोर आठवलं,
आता साठीचं असेल, कळव्यात किंवा कुठेतरी.
नजर कुठे जाते हे त्याला
माझ्या आधी ठाऊक होतं,
आणि तिला तिथून हटवायची
एकच युक्ती त्याच्याकडे होती.

रबाळ्याच्या छापखान्यात सांगून ठेवलंय,
हा फॉर्म जरा जाड कागदावर घ्या.
ते म्हणाले, काळा मागे उमटेल म्हणून का?
नाही, म्हटलं.
नखं असतात.