फुलीचं कार्ड

तोंडवळीच्या टपालात वर्षाला एक कार्ड यायचं पोलंडहून,
नाव इंदुमती तारी, मागे फक्त एक आकडा.
मी पोस्टमन; उघडं कार्ड, वाचायचो.

दोघी एकदाच भेटलेल्या, कुठल्याशा परदेशी मैदानात.
हालिना अकरावी, आमची इंदू बारावी.
भाषा नव्हती.
टेपवरचे आकडे तेवढे दोघींना वाचता येत.

सहा एकोणतीस.
इंदू पुळणीवर टाचेने रेघ ओढी,
मला टेपचं टोक धरायला लावी,
आणि हालिना जिथे उतरली असेल
तिथे करवंटी पुरी.
सहा अठ्ठेचाळीस.
सहा त्रेसष्ट, त्या वर्षी मला सोलकढी पाजली,
जणू पदक मीच आणलं.

मग एक कार्ड आलं नुसत्या फुलीचं.
अंगठा मेणावर उमटला? की पाय मोडला?
इंदू करवंटी घेऊन सुरूंत बसून राहिली.
रापणवाले विचारत गेले,
"काय गो, आज खंय पुरतंस?"

पुढे आकडे उतरले. पाच नव्वद. पाच चार.
करवंट्या रेघेकडे परत येऊ लागल्या.

गेल्या मे महिन्यात तीन बासष्ट,
खाली पहिल्यांदाच शब्द, मोडक्या इंग्रजीत:
गुडघा नवा, वाळू तीच.

इंदूने पदर खोचला.
म्हटलं, अगो, कंबर!
तोवर ती धावलीसुद्धा.

टेप मीच वाचला. दोन ऐंशी.
अंगावरची वाळू झटकत म्हणाली,
"लिही, तीन त्रेसष्ट."

सरकारी पेनाने लिहिलं.