मझार

मिरचीच्या हंगामात दोंडाईच्यात
लोटन आप्पाच्या गेम-पार्लरमधली पोरं
शिंकता शिंकता मरायची.
रुपयाला तीन जीव,
आणि पथाऱ्यांवरून वारा सुटला
की तिन्ही एका दमात.

मी आत जात नसे.
मुलींनी जाऊ नये असा काही कायदा नव्हता,
पडदा होता, गोणपाटाचा,
मार्चपासून त्यावर आप्पा पाणी मारायचे.
मला पाठवायचे ते भटूला बोलवायला:
जेवायला चल. मामा आलेत. बापू चिडलेत.
आतून पितळी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज,
मग भटूचा:
थांब ना वं, एक जीव बाकी शे.

एक जीव जायला किती वेळ लागतो
हे मी त्या दारात उभी राहून मोजलं आहे.

मशीन सुरतेहून आलेलं, पॅसेंजरच्या लगेज डब्यातून,
तिकडच्या हातांनी आधीच घासलेलं.
त्याच्या कुशीवर चित्र होतं:
किल्ला, आग, तलवार उगारलेला माणूस,
आणि त्याच्या मागे कंदील धरलेली मुलगी,
पोपटी झगा, एक पाय उचललेला,
निघालीच आहे अशी.
पडद्याच्या फटीतून मला मशीनची
तेवढीच बाजू दिसायची.

ती कधी येते रे?
कोण?
कंदीलवाली.
नाहीच येत, भटू म्हणाला. सातव्या मजल्यावर राक्षस मेला
की सगळं काळं होतं, नावं येतात,
आणि परत पहिला मजला.
मग काढली कशाला?
रंग उरला असंल.

पार्लरचं पुढे झेरॉक्स झालं.
मशीन आधार मिस्तरींच्या शेडमध्ये पडून राहिलं,
त्यावर वेल्डिंगचा चष्मा, चहाचे पेले.
यंदा त्यांच्या नातवाने, शिरपूरला शिकतो तो,
पाठ उघडून आतली चिप काढली, लॅपटॉपला जोडली,
आणि मला निरोप धाडला: मावशी, या.

खेळातून कापलेलं कापलेलं नसतं म्हणे.
तिथवर जायचा रस्ता तेवढा पुसतात.
उपटून काढावं तर बाकीचं ढासळेल,
म्हणून राहू देतात.
हे मला लगेच कळलं, मी ब्लाऊज शिवते;
शिलाईत दोन बोटं कापड दाबून ठेवतेच,
पुढे अंग भरलं तर उसवायला.

एक विहीर निघाली, पोहरा नसलेली.
आठव्या मजल्याचा जिना, पाचच पायऱ्या.
राक्षस जेवायला बसलेला:
ताटात चार पिवळे ठिपके.
सोनं असेल, नातू म्हणाला.
जेवताना कोण सोनं वाढून घेतं, मी म्हटलं,
पुऱ्या असतील.

मग ती.

शेंगदाण्याएवढी. कंदील म्हणजे तीन ठिपके.
झगा निळा; बाहेर चित्र रंगवणाऱ्याला
कुणी सांगितलं नसावं.
चालण्याची चार चित्रं, मागे वळून बघण्याचं एक.
मरण्याचं?
नातवाने सगळं खालीवर केलं.
तिचं मरणच काढलेलं नव्हतं कुणी.

त्याने ती काळ्यावर चालवून दाखवली.
मागे भिंत नाही, खाली जमीन नाही,
पाय उचलत, टेकत, जागच्या जागी.
आधार मिस्तरी चष्मा कपाळावर सारून वाकले.
इतला वरीस मझारच व्हती ना वं ही, म्हणाले,
तिले रस्ताच नही दिन्हा कोन्ही.

मी भटूला फोन लावला. तो आता सुरतेला, मागावर.
मागांच्या खडखडाटात त्याला एवढंच ऐकू गेलं
की कुणीतरी सापडली आहे.
कोण, कोण, असं तो ओरडत राहिला.

बाहेर पोत्यांचा ट्रक वळला,
शेडभर तिखट धूळ.
मला शिंक आली, मग मिस्तरींना, मग पोराला,
पाठोपाठ तीन.

डोळे उघडले तर ती चालतच होती.