अकरा विटा

ये वुम्पिनी, बस. पंखा नको, धूळ उडते.
हरमाटन सुरू झाल्यापासून
टमालेत सगळ्यांचे कागद तांबडेच.

पहिल्या पानावर 'अभिनव' चारदा आलंय.
तीन मी खोडले, चौथा तुझा तू खोड.
आणि विटेत शियाच्या टरफलांची राख नेमकी किती
हे सातव्या पानावर का दडून बसलंय?
परीक्षकापुढे अशी चाळीस बाडं असतात,
रात्रीचे अकरा, चहा निवलेला.
तो सातव्या पानापर्यंत जात नाही रे.
मीही जात नसे.

बजेटात दाबयंत्र आहे, डॉलरमध्ये, दशांशासकट.
विटा थापणारी सानाटू कुठाय?
ती काय वाऱ्यावर जगते?

आता हे. 'जोखीम: नाही.'
ऑगस्टात तुझी नमुन्याची भिंत
एका रात्रीत विरघळली म्हणे.
मला शिपायाकडून कळलं.

तो नखाने टेबलाची कड खरवडत राहिला.
मग म्हणाला, सकाळी जाऊन मोजल्या, मॅडम.
बावन्न गेल्या. अकरा राहिल्या.
त्याच मातीच्या, त्याच दिवशीच्या.

का राहिल्या?

माहीत नाही.

हेच लिही, म्हटलं. पहिल्या ओळीत.
आत्ता बोललास तसं, एक विशेषणही न लावता.

माझी पेन्सिल घेऊन तो लिहायला बसला,
ओळ खोडली, पुन्हा लिहिली.
खालच्या खणात माझी सहा नकारपत्रं आहेत.
खण उघडावा का, ठरेना.
रबर मात्र त्यातच होतं.