खारपाण

आमच्या विहिरीचं पाणी ढोरंही नाक मुरडून पितात.
डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही,
घागरीच्या काठाला पांढरी कड धरते.
पाहुणा पहिला घोट घेतो
आणि ओशाळून म्हणतो, चहाच ठेवा बाप्पा.

कोकिळा मात्र उभ्यानं तांब्या रिकामा करायची.
धाकटी जाऊ माझी,
अचलपुराकडची, संत्र्यांच्या गोड पाण्यातली.
लग्नात कणकेसारखी गोरी.
मग काळवंडत गेली:
कोपरं, गुडघे, हिरड्या, जुन्या भाजल्याचा वण.
शेजारी म्हणायचे, नाव सार्थ केलं पोरीनं.
मीही हसले. हे लिहून ठेवते.

मी आशा. माझ्याजवळ रजिस्टर आहे.
त्यात ताप आहे, खोकला आहे, चुकलेल्या पाळीचा रकाना आहे.
लोणच्याच्या बरणीत बोट घालून
बुडाचं मीठ चाटणाऱ्या बाईचा रकाना नाही.
एका मंगळवारी सासूनं तिची दृष्ट काढली.
मीठ, मोहरी, मिरच्या, तीनदा ओवाळून
वाटी खाली ठेवली, निखारे सारायला वळली.
परत पाहते तर मिरच्या होत्या, मोहरी होती.
मीठ कोकिळेच्या तोंडात होतं
आणि ती रडत होती,
थांबता येत नाही म्हणून.

उलट्या. पोटात कळ. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी.
अकोल्यात नळी घालून पोट पाहिलं, स्वच्छ.
अमरावतीत म्हणाले, खारपाणपट्टा ना? मग किडनी.
किडनीही चांगली निघाली.
मग म्हणाले मनाचं आहे, माहेरी धाडा थोडे दिवस.
माहेराहून ती दरवेळी अर्धी होऊन यायची.
"हिले माहेरचं पानी सोसत नाही,"
आम्ही म्हणायचो, भलत्याच अर्थानं.

मग गावात धरणाची पाइपलाइन आली.
सरपंचानं नारळ फोडला, पोरं नळाखाली नाचली,
डाळ तीन शिट्ट्यांत गळाली.
अकराव्या दिवशी कोकिळा न्हाणीत पडली.

दर्यापूरच्या दवाखान्यात तायडे मॅडम,
बाँडवर आलेली पोर, पायात स्लीपर.
बीपी दोनदा मोजलं, मशीन बदलून तिसऱ्यांदा.
सलाईन लावलं. मिठाचंच की ते पाणी.
तासा-दोन तासांत कोकिळेनं डोळे उघडले,
पोळी मागितली.
मॅडम गप्प. मग स्टूल ओढून बसली.
"गावात काय बदललं इतक्यात?"
"काही नाही," मी म्हटलं. "पाणी गोडं झालं."

तिनं कोकिळेची मूठ उलगडली, खिडकीपाशी नेली,
शेजारी माझा तळवा ठेवला.
माझ्या रेषा मातकट. हिच्या कोळशानं ओढलेल्या.
(याच रेषा पाहून कारंज्याच्या एका बाबानं
एकशे एक रुपयांत मुलगा सांगितला होता.)

सकाळी आठचं रक्त, आठचंच,
बर्फाच्या डब्यातून नागपूरला गेलं.
चार दिवसांनी एक आकडा आला,
इतका लहान, की मॅडमनं फोन करून दोनदा विचारला.
मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात,
तिनं त्या माझ्या रजिस्टरच्या पाठीवर काढल्या.
कोकिळेच्या वाळल्या होत्या.
लहानपणी छाती धरली होती, ते तिथंवर गेलं असावं.
अंगातलं मीठ धरून ठेवायला कोणी उरलं नव्हतं.
आजाराचं नाव ॲडिसन.
सासूच्या तोंडी अडचन.

गोळ्या जन्मभर. ताप आला तर दुप्पट,
हे मी चुलीमागच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलंय.
हिरड्यांचा काळा रंग अजून आहे थोडा.

विहिरीवर आता कोणी जात नाही.
परवा कोकिळा सहज गेली, पोहरा सोडला,
ओंजळभर तोंडात घेतलं
आणि थू करून माझ्या लुगड्यावर उडवलं:
"हे पेत होती का व मी?
बाई बाई, किती खारं हाय!"